सुप्याच्या बाजारात जळालेले कागद

चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या, गोठ्यात मोबाईल खुंटीला टांगून ऐकणाऱ्या, सगळ्यांना आमच्या गटाचा रामराम.

गेल्या बैठकीला आमच्यातली एक जण उठली आणि म्हणाली, "बायांनो, मी कर्जासाठी बारा ठिकाणी सह्या केल्या. माझ्याकडं एकाचीही झेरॉक्स नाही." कुणी काही बोललं नाही. कारण बसलेल्यांतल्या चौघींची तीच गत होती. व्याज किती, विमा कुठला, हप्ता चुकला तर काय, काही ठाऊक नाही. साहेबानं बोट ठेवलं तिथं आम्ही सही केली.

मग त्या दिवशी हप्त्यांचं राहिलं बाजूला आणि आपल्याच मुलखातली दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट निघाली. तीच आज सांगतो.

तेव्हा आपलं दौंड भीमथडी तालुक्यात होतं. सुपेही त्यातच, आता ते बारामतीत गेलं. १८१८ साली पेशवाई गेली आणि कंपनी सरकार आलं. आधीच्या काळात सावकार नव्हता असं नाही, भरपूर होता. पण पैसे वसूल करायचे तर त्याला पाटलाला, पंचांना धरून राहावं लागायचं. सगळं गाव विरोधात गेलं तर त्याचंच अवघड व्हायचं. इंग्रजांनी दोन गोष्टी बदलल्या. शेतसारा रोख आणि ठरल्या वेळी भरायचा, पाऊस पडो न पडो. आणि कर्जाचा तंटा गावात नाही, दिवाणी कोर्टात. कोर्टापुढं चालायचा कागद. ज्याला कागद वाचता येतो तो एका बाजूला, ज्याचा नुसता अंगठा तो दुसऱ्या बाजूला. गावात गरीब-श्रीमंत आधीही होते, पण ही नवी दरी पडली ती कागदानं.

१८५९ साली मुदतीचा कायदा आला. जुनं कर्जखत तीन वर्षांनंतर कोर्टात चालणार नाही, असा त्याचा अर्थ. कुळाच्या भल्याचाच वाटतो ना? झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घ्यायचा, आणि त्यात मागचं व्याज मुद्दल होऊन बसायचं. शंभराचे दोनशे कधी झाले ते अंगठा देणाऱ्याला कळायचंच नाही. परत केलेल्या पैशाची पावतीही बहुतेकदा नसायची.

यात अमेरिकाही आहे, ऐका. तिथल्या दक्षिण भागात मोठमोठे मळेवाले गुलामांकडून कापूस पिकवून घ्यायचे. तोच कापूस विलायतेच्या गिरण्यांना जायचा. १८६१ ला तिथं यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला, आणि मुंबईत भाव चढला. आपल्याकडं पैसा खेळू लागला, त्याच सुमाराला रेल्वेच्या कामावर मजुरी मिळाली, सावकार मागेल त्याला उसनं देऊ लागला. १८६५ ला युद्ध थांबलं, भाव कोसळला. आणि नेमकी तेव्हाच तीस वर्षांची साऱ्याची मुदत संपून नवा सारा बसला, काही गावांत दीडपटीच्या वर. धान्याचे भाव उतरले, सारा चढला, सावकारानं हात आखडला. तिकडचा गुलाम आणि इकडचा कुणबी एकमेकांना कधी दिसले नाहीत, पण एकाच बाजाराच्या दोरीला बांधलेले होते.

शिरूर तालुक्यातलं करडे गाव तुम्हाला माहीत आहे. १८७४ च्या अखेरीला तिथं काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा आणून त्यांचं घर घेतलं आणि पाडायला काढलं. देशमुखासारख्याचं घर पडतं तर आपलं काय, असं गावाला वाटलं. मारामारी नाही केली. सावकारांना वाळीत टाकलं. न्हावी जाईना, पाणी भरायला कुणी जाईना, शेत करायला कुणी तयार होईना. हे लोण आसपासच्या गावांत गेलं.

१२ मे १८७५, सुप्याचा बाजार. भोवतालच्या गावचे लोक जमले आणि सावकारांच्या घरादुकानांवर गेले. धान्य-कापड लुटलं, नाही म्हणणार नाही. पण बहुतेक गावांत पहिली मागणी एकच होती : कर्जखतं बाहेर काढा. कागद हाती दिले तर पुष्कळदा माणसाला हात लावला नाही. कागदांची होळी झाली. इंदापूर, शिरूर, हवेली, पलीकडं पारनेर, श्रीगोंदा, सगळीकडं हेच. ९५१ जणांना पकडलं, ५०१ जणांना शिक्षा झाली.

एक गोष्ट आमच्यातल्या काहींना टोचली ती सांगतो. राग मुख्यतः मारवाडी-गुजर सावकारांवर निघाला. गावातले आपले सावकार बरेचसे सुटले. व्याज तेही घेत होते. परका म्हणून एकाला धरायचं आणि आपला म्हणून दुसऱ्याला सोडायचं, हे आम्हाला पटलं नाही. आणि बायांचं? कर्ज फिटेना तेव्हा कुणाच्या अंगावरचं डोरलं आधी गेलं असेल, ते कुठल्या खतात लिहिलेलं नसणार.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. त्यात काय होतं? कोर्टानं नुसतं खत न बघता मागचा सगळा हिशेब काढून बघायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालायचं नाही. खत नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर लिहायचं. आणि सावकारानं पावती द्यायची, वर्षाला हिशेब द्यायचा, मागितलं तर पासबुक द्यायचं. पासबुक, मैत्रिणींनो! आपण ट्रंकेत साडीखाली ठेवतो ते, त्याच्यामागं एवढं रामायण आहे. पुढं सावकारांनी पळवाट काढलीच, गहाणाऐवजी थेट खरेदीखत करून घ्यायला लागले, पण ती गोष्ट वेगळ्या दिवशी.

आज सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. बिनपरवाना सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराची तक्रार करता येते. तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडं जायचं.

आमच्या गटानं ठरवलंय की कुणीही एकटीनं सही करायची नाही. कर्जाचा कागद आधी बैठकीत यायचा, बारावी झालेली आमची एक सून तो मोठ्यानं वाचते, आणि न कळलेल्या ओळीखाली आम्ही पेन्सिलनं रेघ मारतो. त्या बारा सह्यांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागितल्यात. दोन आठवडे झाले, अजून आल्या नाहीत. सोमवारी आम्ही सहा जणी मिळून ऑफिसात जातोय.