युक्तिवादाचा दुबळा दुवा

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



स्पर्धा परीक्षांवर बोलावे, अशी कार्यकर्त्यांची सूचना होती. विषय फार मोठा आहे. म्हणून आम्ही त्यातला एकच लहानसा भाग निवडला आहे. बँक अधिकाऱ्यांच्या परीक्षेत तर्कक्षमतेच्या पेपरात एक प्रश्न हमखास भेटतो. चार ओळींचा उतारा, खाली चार-पाच विधाने, आणि प्रश्न असा की, यांपैकी कोणते विधान वरील युक्तिवाद कमकुवत करते? २०११ साली आयबीपीएसची सामाईक परीक्षा सुरू झाली आणि त्याच वर्षी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत सीसॅटचा पेपर आला. तेव्हापासून अशा विचारपद्धतीला फार महत्त्व आले आहे.

आमच्यासारख्या कला शाखेच्या पदवीधरांना हा प्रश्न सोपा वाटतो. सूत्र नाही, आकडेमोड नाही. वाचले, पटले, खूण केली! आणि नेमके येथेच गुण जातात. चुकीच्या उत्तराला बँकेच्या परीक्षेत त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात, आयोगाच्या परीक्षेत एक तृतीयांश. चार-दोन गुणांनी यादीबाहेर राहणाऱ्या मुलाला हे परवडणारे नाही.

मित्रांनो, प्रत्येक युक्तिवादाला तीन भाग असतात. एक आधार, म्हणजे दिलेली माहिती. दुसरा निष्कर्ष, म्हणजे त्या माहितीवरून काढलेले मत. आणि तिसरे गृहीतक, जे लिहिलेले नसते, पण ज्यावर सगळी इमारत उभी असते. आधाराच्या काठावरून निष्कर्षाच्या काठावर नेणारा हा पूल आहे. युक्तिवाद कमकुवत करायचा म्हणजे या पुलाला धक्का द्यायचा. उताऱ्यातील माहिती खरी धरायची, पर्यायांतील विधानेही खरी धरायची, आणि एवढेच विचारायचे की, हे विधान खरे असेल तर निष्कर्षावरचा विश्वास कमी होतो का? निष्कर्ष पार खोटा ठरला पाहिजे, अशी अट नाही. तो डळमळला तरी पुरे.

एक उदाहरण घेऊ. समजा, अशी जाहिरात आहे: 'आमच्या क्लासचे ४० विद्यार्थी गेल्या वर्षी बँकेत लागले. म्हणून आमचा क्लास लावल्याने निवडीची शक्यता वाढते.' खाली चार विधाने आहेत. पहिले, या क्लासची फी इतरांपेक्षा जास्त आहे. दुसरे, येथील शिक्षक अनुभवी आहेत. तिसरे, त्या ४० पैकी बहुतेकजण लेखी परीक्षा आधीच उत्तीर्ण झालेले होते आणि मुलाखतीच्या सरावासाठी फक्त आठवडाभर येथे आले होते. चौथे, काही मुले कोणताही क्लास न लावता बँकेत लागतात.

फीचा आणि निवडीच्या शक्यतेचा येथे संबंध नाही. दुसरे विधान तर जाहिरातीला बळकटी देते. चौथे फसवे आहे. क्लासशिवाय निवड होतच नाही, असे जाहिरातीने म्हटलेलेच नाही. मग 'काही मुले' लागली म्हणून तिचे काय बिघडले? तिसरे विधान मात्र पुलावर घाव घालते. ही मुले क्लासमुळे लागली, हे गृहीतकच त्याने हलते. शिवाय एक आकडा जाहिरातीत नाही. एकूण किती मुलांनी फी भरली? पन्नासांतून चाळीस आणि चार हजारांतून चाळीस, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्लासच्या फीसाठी घरातले सोने तारण ठेवणारे पालक आम्ही बँकेत पाहतो. तेव्हा हा प्रश्न केवळ एका गुणाचा राहत नाही.

आता इतिहासातील एक खरी घटना सांगतो. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात, ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीची भयंकर साथ आली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. पटकी दूषित हवेने होते, असे त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत. त्यांचा युक्तिवाद असा: या भागातील हवा घाण आहे, येथेच माणसे मरत आहेत, म्हणून हवेनेच पटकी होते. डॉ. जॉन स्नो यांना मात्र तेथील सार्वजनिक पंपाच्या पाण्याचा संशय होता. त्यांनी घरोघर चौकशी केली. जवळच्याच गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ माणसे राहत होती. हवा तीच, पण तेथे पटकीने मेले फक्त पाच. त्यांची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावरील मद्याच्या कारखान्यात सत्तरावर कामगार होते. त्यांतला एकही दगावला नाही. ते पंपाचे पाणी पीत नसत. उलट दूरच्या हॅम्पस्टेड भागात राहणारी एक विधवा पटकीने गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची आवड होती आणि ती ते रोज मागवीत असे.

पाहा, युक्तिवाद कमकुवत करण्याच्या दोन मुख्य रीती येथे आल्या. कारण हजर आहे, पण परिणाम नाही, हे आश्रयगृह आणि कारखाना सांगतात. परिणाम हजर आहे, पण कारण नाही, हे हॅम्पस्टेड सांगते. तिसरी रीत म्हणजे परिणामाचे दुसरेच कारण दाखवणे.

ती तिसरी रीत याच घटनेत आहे, आणि आम्हाला तीच सर्वांत मोलाची वाटते. ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला आणि साथ थांबली. आपण लगेच म्हणू, दांडा काढला म्हणून साथ थांबली. पण स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवले की, लोक तो भाग सोडून गेल्यामुळे साथ आधीच ओसरू लागली होती. स्वतःच्या बाजूच्या युक्तिवादाला दुबळे करणारे विधान त्यांनी लपवले नाही. पाण्याविषयीचे त्यांचे मत पुढे खरे ठरले. त्याला या एका पुराव्याची गरज पडली नाही.

मित्रांनो, न पटणाऱ्या युक्तिवादातले भोक आपल्याला चटकन दिसते. पटणाऱ्या युक्तिवादातले दिसत नाही. प्रश्न काढणाऱ्याला हे ठाऊक असते. समजा, उतारा असा आहे: 'गावात दारूबंदी झाली, गावातील दुकानाची विक्री शून्यावर आली, म्हणून गावकऱ्यांचे दारू पिणे थांबले.' शेजारच्या गावातील दुकानाची विक्री तेवढीच वाढली, हे विधान युक्तिवाद कमकुवत करते. पण दारूने ज्यांच्या घराची राखरांगोळी झाली, त्या घरातील मुलाचा हात तेथे खूण करायला धजत नाही. तो 'दारू शरीराला घातक आहे' या पर्यायाकडे वळतो. ते विधान शंभर टक्के खरे आहे, पण येथे गैरलागू आहे. योग्य पर्यायावर खूण केल्याने कोणी दारूबंदीचा विरोधक होत नाही. उलट बंदी खरोखर यशस्वी करायची असेल, तर शेजारच्या गावाकडे पाहावेच लागेल, एवढे त्याला कळते.

यासाठी महागड्या पुस्तकांची गरज नाही. रोज वर्तमानपत्रातील एक अग्रलेख किंवा एक जाहिरात घ्या. निष्कर्ष एका ओळीत स्वतःच्या शब्दांत लिहा. त्याखाली न लिहिलेले गृहीतक लिहा. मग त्याला धक्का देणारे एक विधान तयार करा. आठवड्यातून एकदा आपल्याला मनापासून पटलेले मत घ्या आणि त्यावर हाच प्रयोग करा. पेपरात 'कमकुवत करते' आणि 'कमकुवत करत नाही' यांतला 'नाही' अधोरेखित करायला विसरू नका. सराव असूनही घाईत गुण जातात ते तेथे.

शेवटी सभासद बंधू-भगिनींना एक विनंती. घरात मुलाने वा मुलीने 'कशावरून?' असे विचारले, तर तो उद्धटपणा समजू नका. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातला दुबळा दुवा शोधण्याची मुभा ज्या मुलांना घरात मिळेल, ती परीक्षेतही अडणार नाहीत आणि बाहेर कोणाच्या गोड बोलण्याला सहजासहजी भुलणारही नाहीत.