गोड्या पाण्याकडून खाऱ्या पाण्याकडे

ज्यांच्या घरीं काचेच्या पेटींत गप्पी किंवा सोनेरी मासे सुखानें नांदत आहेत, त्यांच्या मनांत एक ना एक दिवस समुद्राचा मोह उत्पन्न होतोच. गोड्या पाण्याच्या दहा वर्षांच्या अनुभवानंतर तो मलाही झाला. त्या अनुभवाचा मला अभिमान होता, आणि त्या अभिमानाची किंमत दोन मुक्या जिवांना द्यावी लागली. ती हकीकत सांगण्यापूर्वीं या दोन पाण्यांतील भेद पाहूं.

गोड्या पाण्यांतील माशाच्या रक्तांत भोंवतालच्या पाण्यापेक्षां क्षार अधिक असतात. त्यामुळें पाणी आपोआप त्याच्या अंगांत शिरतें, व तो तें मूत्रावाटे बाहेर टाकीत राहतो. समुद्रांतील सामान्य माशाची स्थिति याच्या अगदीं उलट. त्याच्या अंगांतील पाणी बाहेर ओढलें जातें. म्हणून तो सतत समुद्राचें पाणी पितो, आणि जास्त झालेलें मीठ कल्ल्यांवाटे टाकून देतो. चारी बाजूंनीं पाणी असूनही तो जन्मभर तहानलेलाच ! अशा प्राण्याच्या भोंवतालचें मीठ आज वाढलें आणि उद्यां घटलें, तर तें त्याच्या जिवावर बेततें.

हें मीठ म्हणजे स्वयंपाकघरांतलें मीठ नव्हे. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें निरनिराळे क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृति प्रसिद्ध केली. आजही तयार मिश्रण शुद्ध केलेल्या पाण्यांत विरघळवून तेंच करावयाचें. मुंबईकरांना वाटेल, चौपाटी जवळ असतां हा खटाटोप कशाला ? परंतु किनाऱ्याच्या पाण्यांत शहराचें सांडपाणी मिसळतें, आणि पावसाळ्यांत त्याचा खारेपणाही उतरतो. पाणी तयार झालें कीं हायड्रोमीटरनें तपासावें. त्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावें.

येथें नवशिक्याची एक फसगत होते. पेटींतलें पाणी रोज थोडें थोडें उडून जातें, मीठ मात्र मागें राहतें. ही तूट खाऱ्या पाण्यानें भरून काढूं नये. साध्या शुद्ध पाण्यानेंच भरावी. काचेवर पातळीची एक रेघ ओढून ठेवावी, व रोज तेथपर्यंत पाणी घालावें.

आतां माझी चूक. मीं पेटी भरली, पंप सुरू केला, आणि चौथ्याच दिवशीं दोन मासे आणून सोडले. पाणी स्फटिकासारखें निर्मळ दिसत होतें. तिसऱ्या दिवशीं दोघेही पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागले, आणि रात्रींतून गेले. मग मीं पाणी तपासलें, तेव्हां त्यांत अमोनिया निघाला.

माशांच्या उत्सर्गांतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया उत्पन्न होतो. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, व दुसरे जंतु नायट्राइटचें त्या मानानें निरुपद्रवी असें नायट्रेट करतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास या जंतूंचें कार्य उलगडून दाखविलें. नव्या पेटींत त्यांची वस्ती नसते; वाळूवर, दगडांवर ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. गोड्या पाण्यालाही हाच नियम आहे. मग तेथें माझी घाई कशी खपली? गोडें पाणी बहुधा उदासीन असतें, व त्यांत अमोनियाचा पुष्कळसा भाग सौम्य रूपांत राहतो. समुद्राचें पाणी अल्कधर्मी. त्यांत विषारी रूपाचें प्रमाण कितीतरी वाढतें. शिवाय खाऱ्या पाण्यांत प्राणवायूही कमी विरघळतो. जी चूक गोड्या पाण्यानें दहा वर्षें पोटांत घातली, ती समुद्रानें तीन दिवसांत पदरांत घातली.

दुसऱ्या वेळीं मीं रिकाम्या पेटींत थोडा अमोनिया घालून सहा आठवडे नुसतें पाणी सांभाळलें. शेजारी विचारीत, "मासे कोठें आहेत ?" मी उत्तर देत असें, "यावयाचे आहेत." अमोनिया आणि नायट्राइट हीं दोन्ही शून्यावर आलीं, तेव्हां पहिला मासा आणला, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश.

ही निवडही विचारपूर्वक केली होती. बाजारांत मिळणारे गोड्या पाण्यांतील मासे बहुतेक पैदाशीचे असतात; समुद्रांतील बहुतेक मासे मात्र प्रवाळांतून पकडून आणलेले असतात. क्लाउनफिशची पैदास माणसाच्या हातीं होऊं शकते. तेव्हां तशीच पैदास मागून घ्यावी. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना तर आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं २००१ सालापासून संरक्षण आहे. त्यांच्या वाटेस जाऊं नये. पेटीही निदान दीडदोनशें लिटरांची असावी, कारण थोड्या पाण्यांत बिघाड लौकर होतो.

गोड्या पाण्यांत आपण मासे पाळतों. खाऱ्या पाण्यांत आधीं पाणी पाळावें लागतें. तितका धीर ज्याला असेल, त्यानें खुशाल समुद्र घरीं आणावा.