बाथरूममध्ये आपला आवाज एवढा भारी का वाटतो?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' शक्य तितके काढलेत, सगळे निघालेले नाहीत.)

तुमच्यापैकी काही जण आत्ता लोकलमध्ये असतील, काही ट्रॅफिकमध्ये. आणि काही जण फोन बाथरूमच्या खिडकीत टेकवून अंघोळ करत असतील, मला माहितीये. आजचा भाग खास त्या तिसऱ्या गटासाठी. पण पॉडकास्ट ऐकत अंघोळ करणारे म्हणजे थोडे बिघडलेले लोक हां. तिथे ऐकायचं नसतं, गायचं असतं.

माझ्या कामाबद्दल आधी सांगतो, कारण त्याचा संबंध आहे. मी व्हिडिओ कॉलच्या ऑडिओवर काम करतो. म्हणजे तुम्ही मीटिंगमध्ये बोलता तेव्हा खोलीचा घुमणारा आवाज, पंख्याची घरघर, मागून येणारी कुकरची शिट्टी, हे सगळं काढून टाकायचा कोड. दिवसभर मी आवाजातून खोली काढत असतो. आणि सकाळी त्याच खोलीच्या जिवावर स्वतःला किशोरकुमार समजतो.

तर मग एका रविवारी मेझरिंग टेप घेऊन आत गेलो. आमचं बाथरूम ४ फूट बाय ७ फूट, उंची ८ फूट. भिंतींना चकचकीत टाइल्स, खाली टाइल्स. पडदा नाही, गादी नाही, कपाट नाही. अशी टाइल तिच्यावर आपटलेल्या आवाजातला जेमतेम एक-दोन टक्के भाग गिळते, बाकी सगळा परत फेकते. बेडरूममध्ये गादी, उशा, खुर्चीवर साठलेला कपड्यांचा डोंगर (प्रत्येकाच्या घरी असतो, नाही म्हणू नका) हे सगळं आवाज खातं.

हे मोजायचं सूत्र ज्यानं काढलं त्याची गोष्ट मला फार आवडते. वॉलेस सॅबाइन, हार्वर्डमधला तरुण फिजिक्सचा प्राध्यापक. १८९५ मध्ये तिथल्या फॉग म्युझियमच्या नव्या लेक्चर हॉलमध्ये कोण काय बोलतंय ते कळायचंच नाही, कारण एक शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तोवर पुढचे दहा शब्द येऊन आदळलेले. सॅबाइनला सांगितलं, बाबा, हे बघ जरा. तो रात्री, सगळं शांत झालं की, जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचा. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. यातून निघालं की खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि आत आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका लवकर मरतो.

त्या सूत्रात मी आमचं बाथरूम घातलं. रिकामं असेल तर सव्वादोन सेकंदांच्या पुढे. आत मी उभा राहिलो की सव्वा सेकंदाच्या आसपास, कारण माणूस हीच त्या खोलीतली सगळ्यात मऊ वस्तू. बेडरूममध्ये हेच अर्धा सेकंद किंवा त्याहून कमी. (भिंती पूर्ण टाइल्सच्या धरल्यात. कागदावरचा हिशेब आहे, थोडं इकडेतिकडे चालायचं.)

आता सव्वा सेकंदानं काय होतं? तुमचा आधीचा सूर अजून हवेत असतो तोवर पुढचा येतो. दोन सुरांमधली फट भरून निघते. श्वास तुटला तरी ऐकणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, तुटल्यासारखा वाटत नाही. सूर जरासा घसरला तर त्याच्या कडा पुसट होतात. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात साउंडवाला इकोचं बटण वर का ढकलतो, तेच कारण. शिकागोच्या बिल पटनम नावाच्या रेकॉर्डिंग इंजिनिअरनं १९४७ मध्ये एका गाण्याला घुमारा द्यायला चक्क स्टुडिओचं बाथरूम वापरलं होतं. आणि द डोअर्सचा जिम मॉरिसन १९७१ च्या त्यांच्या अल्बमसाठी बाथरूममध्ये उभा राहून गायला. म्हणजे आपण काही वेडे नाही आहोत.

पण मला सगळ्यात जास्त मजा पुढच्या हिशेबात आली. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट अशी बसते की ठरावीक सुराला खोली स्वतःहून साथ देते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले भिंतींमधल्या अंतराची दुप्पट. ४ फुटांसाठी येतं साधारण १४० हर्ट्झ. ८ फूट उंचीसाठी पहिला आकडा ७०, त्याची दुप्पट पुन्हा १४०! दोन्ही एकाच जागी येऊन बसले. आता पेटीवर १४० हर्ट्झच्या जवळ काय आहे? काळी एक. ज्या पट्टीत कितीतरी पुरुष गायक आपला सा लावतात, ती. बिल्डरनं पैसे वाचवायला केलेलं ४ फुटी बाथरूम, आणि ते माझ्या सा मध्ये लागलेलं आहे! बायकांचा आवाज याच्या वर असतो. तिथे खोलीचे असे सूर जवळजवळ, दाटीनं येतात. त्यामुळे एकच सूर दणकन वाजण्यापेक्षा सगळीकडे थोडी थोडी साथ मिळते.

मग पाण्याचा आवाज. शॉवर म्हणजे सगळ्या फ्रीक्वेन्सीचा एकत्र सळसळाट. तो आपल्या बारीक चुका आपल्यालाच ऐकू देत नाही. शिवाय फ्रान्समधल्या एत्येन लोंबार या कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं १९११ मध्ये लिहून ठेवलंय की आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. लग्नाच्या हॉलमध्ये आत्या कशा बोलतात आठवा. म्हणजे शॉवरखाली तुम्ही ठरवून मोठ्यानं गात नाही, पाणी गायला लावतं. आणि मोठ्यानं गायलं की श्वास खोल जातो, सोडताना लांबतो, त्यानं तसंही बरं वाटतंच. (तीन मिनिटांच्या गाण्याला शॉवरचं पंचवीस-तीस लिटर पाणी जातं हे मात्र खरं. ज्यांच्या सोसायटीत टँकर येतो त्यांनी बादलीचा नळ बारीक सोडून गा. चालतं, मी करून बघितलंय.)

एवढं सगळं खरं असलं तरी मला ते पुरेसं वाटत नाही. जिन्यातही आवाज घुमतो, पार्किंगमध्येही घुमतो. तिथे का नाही गात आपण?

मी सहावीत होतो. गॅदरिंगच्या समूहगीतात मला शेवटच्या रांगेत उभं केलं आणि बाईंनी हळूच सांगितलं, तू नुसते ओठ हलव. वाईट नव्हत्या त्या, घाई होती त्यांना. पण त्यानंतर मी माणसांसमोर गायलेलो नाही, ट्रेकला अंताक्षरीतही मी गुण लिहायला बसतो. मी मित्रांना विचारलं तर प्रत्येकाकडे असे कुणीतरी बाई, काका नाहीतर दादा निघाले. खरं म्हणजे ज्यांना सूर अजिबात कळत नाहीत अशी माणसं फार थोडी. तुम्हाला दुसऱ्याचं बेसूर गाणं खटकत असेल, तर तुमचा कान ठीक आहे. गळ्याला सराव मिळाला नाही, एवढंच. आणि तो मिळायच्या आधीच गप्प केलेली माणसं मग जातात कुठे? कडी लावता येते तिथे.

काही घरांत कडीच नीट लागत नाही, तिथे तर गाणं हीच कडी. आत कोणीतरी आहे, दार ढकलू नका.

आमच्याकडे आई गाते बाथरूममध्ये. जुनी भावगीतं. बाहेर येऊन 'म्हण ना' म्हटलं तर 'चल, काहीतरीच' म्हणून कणीक मळायला घेते. आजी गेली त्या वर्षी सात-आठ महिने आतून फक्त बादली आणि तांब्याचा आवाज यायचा. गाणं बंद झालंय हे आम्हा दोघांनाही कळत होतं, पण बाबा त्यावर बोलले नाहीत, मीही नाही. मग एका रविवारी मी चटणीचा मिक्सर लावणार, तेवढ्यात आतून गुणगुणणं आलं. शब्द नव्हते, नुसती चाल. बाबांनी पेपरचं पान अर्धं उलटलेलं तसंच धरून ठेवलं. मी मिक्सर लावला नाही. आई बाहेर आली आणि म्हणाली, "काय रे, चटणी नाही झाली अजून?" मी म्हटलं, "लाइट गेले होते."

सगळ्यांना ऐकू येतं आणि कोणीही ऐकलं म्हणून सांगत नाही, असा हा करार असतो. तो मोडला की गंमत जाते. वुडी ॲलनच्या 'टू रोम विथ लव्ह' या २०१२ च्या सिनेमात एक माणूस फक्त शॉवरखालीच अप्रतिम गातो, म्हणून शेवटी त्याला ऑपेराच्या स्टेजवर शॉवरसकट उभं करतात. बघताना हसू येतं, पण मला तो माणूस थोडा बिचारा वाटला. फेब्यो आर्मिल्यातो हा खराखुरा ऑपेरा गायक आहे ती भूमिका करणारा, म्हणून निभावलं.

असो. उद्या सकाळचं काम सांगतो. नळ बंद ठेवा, ओठ मिटून 'हं' असा खालच्या सुरात लावा आणि हळूहळू वर चढत जा. एका ठिकाणी आवाज अचानक फुगेल, छातीत आणि भिंतीत एकदम वाजेल. तो तुमच्या बाथरूमचा सूर. डोकं जरा पुढेमागे करून बघा, जागेनुसार तो कमीजास्त होतो. मग तुमचं आवडतं गाणं त्या पट्टीत धरा, आणि आता सोडा पाणी. घरात पेटी असेल किंवा फोनवर ट्यूनर ॲप असेल तर सूर कुठला तो बघा आणि मला कळवा, सोबत लांबी-रुंदी-उंची फुटांत. रेकॉर्डिंग पाठवू नका. ते तुमचं तुमच्याकडे राहू दे.

पुढच्या भागात भेटू. आणि गिझर बंद करा रे.