धूर गेला, खर्रा आला

मंडळी, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. दंड दोनशे रुपयांपर्यंत. आपल्या हॉलमध्ये पाटी लागली तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली होती. पण खरं सांगतो, फायदा झाला. दर वेळी सभा सोडून गेटबाहेर कोण जाणार? त्यात यवतमाळचं ऊन! दिवसाच्या दहा सिगारेटी चारवर आल्या.

मग मी खर्रा धरला. त्याला धूर नाही, उठावं लागत नाही, सभेतही गालात राहतो. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, तरी पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून मिळतच होता. काही वर्षांनी तोंड उघडेना. पाणीपुरी आत जाईना! डॉक्टर म्हणाले, सुपारीनं गाल आतून आवळलेत; आता सोडला तरी पहिल्यासारखे व्हायचे नाहीत. सोडला, पण उशिरा.

दिवाळीत जिन्याचे कोपरे रंगवले, त्यातले काही लाल डाग माझेच होते. पाटीवर नुसती सिगारेट आहे. तिच्याखाली ‘खर्रा’ एवढा शब्द मला माझ्या हातानं रंगवू द्या.