नेवाशाचा कोळसा आणि अणूचा गाभा



आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे हे ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान म्हणून आपणां सर्वांस वंद्य आहे. तेथेच प्रवरातीरी १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया प्रभृतींनी उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. त्या थरांत ना शिलालेख, ना नाणे. तरीही ती वस्ती तीन हजार वर्षांहून प्राचीन असल्याची साक्ष कोळशातील कार्बन-१४ ने दिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही असे मापन झाले.

सामान्य कार्बनच्या अणुगर्भात ६ प्रोटॉन व ६ न्यूट्रॉन असतात. कार्बन-१४ मध्ये न्यूट्रॉन ८ असतात. हा जादा भार त्यास कायमचा पेलवत नाही. केव्हातरी एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो व कार्बनचा नायट्रोजन बनतो. यास बीटा-ऱ्हास म्हणतात. निम्मा साठा सरण्यास सुमारे ५,७३० वर्षे लागतात. झाड जिवंत असेतो हवेतून नवा भरणा होतो. ते मेले की भरणा थांबतो. म्हणूनच उरलेल्या अंशावरून वय काढता येते.

आता खरे कोडे पाहा. हेलियम-६ मध्ये २ प्रोटॉन व ४ न्यूट्रॉन. त्याचा ऱ्हास याच प्रकारचा; पण निम्मा साठा अवघ्या ०.८ सेकंदात सरतो! ऊर्जेतील फरक जमेस धरला तरी कार्बन-१४ हा अपेक्षेहून लाखो पटींनी दीर्घायुषी ठरतो. कारण त्याच्या गर्भातील कणांची मांडणीच अशी आहे की, ऱ्हासास अनुकूल गोष्टी परस्परांस जवळजवळ छेदून टाकतात. तीन कणांमध्ये एकाच वेळी चालणारे बल येथे निर्णायक असल्याचे २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी महासंगणकावरील गणिताने दाखविले.

सारांश, अणुगर्भ कसा मोडतो, यावरून तो कसा रचलेला होता हे कळते. न्यूट्रॉनांनी लादलेले, क्षणार्धात नाहीसे होणारे अणुगर्भ आज त्वरकयंत्रांत घडवून शास्त्रज्ञ हीच परीक्षा करतात.

“याचा उपयोग काय?” असे विचारून मुलामुलींस मूलभूत विज्ञानापासून परावृत्त करण्याची चाल आपल्या घरांतून आहे. १९४० साली कार्बन-१४ शोधणाऱ्या मार्टिन केमेन व सॅम रुबेन यांच्या ध्यानीमनीही नेवासे नव्हते. ज्ञातीच्या शिष्यवृत्तीतून दरवर्षी अशा एका तरी विद्यार्थ्यास वा विद्यार्थिनीस साहाय्य व्हावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.