उन्हाळी, मुतखडा आणि रुसलेले मूत्राशय



लघवीविषयी चारचौघांत बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. गुडघे दुखले तर माणूस परगावच्या पाहुण्यालाही सांगतो; पण लघवीला जळजळते, अर्ध्या-अर्ध्या तासाने उठावे लागते, ओटीपोटात सारखे दुखते, हे सांगायची वेळ आली की स्त्रिया नवऱ्याजवळही बोलत नाहीत आणि पुरुष डॉक्टरपुढेही घुटमळतात. परिणाम असा होतो, की हे दुखणे ज्याला जडले तो हळूहळू आपले जगच लहान करीत आणतो. एस. टी.चा प्रवास टाळतो, लग्नकार्याला जाणे टाळतो, नाटकाला गेलाच तर कडेची खुर्ची धरतो. आजही या मंडपात कडेच्या खुर्च्या आधी भरल्या असतील तर नवल नाही. त्या खुर्च्यांवरील मंडळींनी व्याख्यानाच्या मध्येच खुशाल उठून जावे. वक्त्याला त्यात अवमान वाटणार नाही.

या दुखण्यावर घरगुती उपायांना आपल्याकडे तोटा नाही. धन्या-जिऱ्याचे पाणी, जवाचे पाणी, नारळपाणी, लिंबूपाणी, कुळथाचे कढण, वाळा, सब्जा, खायचा सोडा. जो तो आपल्या अनुभवाचा उपाय सांगतो आणि सांगणारा खोटे सांगत असतो असेही नाही. घोटाळा निराळ्याच ठिकाणी आहे. लघवीला आग झाली की 'उन्हाळी लागली' एवढ्या एका शब्दात आपण सर्व काही बसवतो आणि त्या एका शब्दाखाली तीन-चार अगदी वेगवेगळी दुखणी नांदत असतात. एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय होतो. लिंबाचेच पाहा. चुन्याच्या क्षारांचा मुतखडा ज्याला वारंवार होतो, त्याला लिंबूपाणी हितकर. कारण लिंबातील सायट्रेट खडा जमू देण्यास अडथळा करते. पण ज्याच्या मूत्राशयाचे अस्तरच हळवे झाले आहे, त्याने तेच लिंबूपाणी घेतले तर रात्रभर त्याला डोळ्याला डोळा लागायचा नाही. तेव्हा 'अमुक उपाय चांगला का?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या मूत्राशयाला?' असे पुढे विचारले पाहिजे.

मूत्राशय ही एक लवचिक, स्नायूंची पिशवी आहे. मोठ्या माणसाच्या या पिशवीत चारशे-पाचशे मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच पेले लघवी मावते आणि ती निम्मी भरण्याच्या सुमारास पहिली जाणीव होते. दिवसभरात सहा ते आठ वेळा आणि रात्री फार तर एकदा जावे लागणे, हे सामान्य समजावे. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांब, पुरुषांचा त्याच्या चौपट-पाचपट. बाहेरच्या जंतूंना स्त्रीच्या मूत्राशयापर्यंत पोचायला किती थोडे अंतर चालावे लागते, हे यावरून कळेल. वारंवार होणारा जंतुसंसर्ग हा मुख्यत्वे स्त्रियांचा छळ आहे, तो यामुळे.

या संसर्गापुरते पाहिले, तर घरातला सर्वांत मोठा उपाय माठात आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बल्गेरियात झाला होता. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा संसर्ग होणाऱ्या आणि एरवी पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया त्यासाठी निवडल्या. निम्म्या जणींना नेहमीच्या पाण्याखेरीज रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावले. वर्षअखेर हिशोब केला, तेव्हा जास्त पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला होता, तर इतरांना ३.२ वेळा. या प्रयोगाला पैसा बाटलीतले पाणी विकणाऱ्या कंपनीने पुरवला होता, हेही सांगून ठेवतो. पण माठातल्या पाण्याचा गुण त्याने कमी होत नाही. आपले धन्या-जिऱ्याचे किंवा जवाचे पाणी घेणाऱ्याला बरे वाटते, त्यातही धन्यांचा वाटा किती आणि पाण्याचा किती, असे कोणी विचारले तर मी पाण्याच्या पारड्यात अधिक वजन टाकीन. म्हणून धने टाकू नका असे नव्हे. चव लागल्याने दोन पेले अधिक पोटात जात असतील, तर धन्यांनी आपले काम केले.

अलीकडे क्रॅनबेरी नावाच्या अमेरिकी फळाचा गवगवा झाला आहे. सर्व प्रयोगांचा एकत्र आढावा २०२३ साली घेतला गेला. त्यात वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये तिने संसर्गाचे प्रमाण कमी होते, असे दिसून आले. झालेला संसर्ग मात्र तिने बरा होत नाही. आणि आमचे करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे. दोघांची कुळेच वेगळी. पाळी गेलेल्या ज्या स्त्रियांना वरचेवर संसर्ग होतो, त्यांच्यासाठी योनिमार्गात लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम असते आणि ते चांगले उपयोगी पडते. लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना त्याविषयी विचारावे.

मुतखड्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याला आधीच पुष्कळ सल्लागार आहेत. दिवसाकाठी दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी, मिठाचा हात आखडता, आणि दूध-दही बंद न करणे, एवढे पथ्य बहुतेकांना पुरते. चुन्याचा खडा म्हणून चुनायुक्त दूध तोडणे ही चूक आहे. आहारातला चुना आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून ठेवतो, म्हणून दूध तोडले तर खडे वाढण्याचा संभव असतो. कुळथाचे कढण आवडत असेल तर जरूर प्यावे; त्याच्या भरवशावर मोठा खडा मात्र ठेवू नये.

आता ज्या दुखण्यासाठी मी मुख्यतः येथे उभा आहे, त्याकडे येतो. या रुग्णांची लघवी तपासली तर जंतू सापडत नाहीत. तरीही मूत्राशय भरू लागले की दुखू लागते, रिकामे झाले की थोडा आराम, की पुन्हा तेच. दिवसातून वीस-वीस वेळा जावे लागते. वैद्यकात याला मूत्राशयवेदनेचा विकार किंवा इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात. बाल्टिमोरच्या हनर नावाच्या डॉक्टरांनी १९१५ साली अशा काही स्त्रियांच्या मूत्राशयात आढळणाऱ्या व्रणांचे वर्णन केले. पण असे व्रण थोड्याच रुग्णांत दिसतात, बाकीच्यांच्या आत पाहावे तर विशेष काही दिसत नाही. मग काय होते? जंतू नसताना जंतुनाशक गोळ्यांचे एकामागून एक कोर्स होतात आणि शेवटी 'सगळे मनाचे खेळ आहेत' असे ऐकून बाई घरी येते. हे दुखणे मनाचे नाही. त्याचे मूळ कारण पूर्णपणे उलगडलेले नाही आणि ते समूळ नाहीसे करणारे औषध नाही, हे खरे. पण ते ताब्यात ठेवता येते, आणि त्यात स्वयंपाकघराचा हात मोठा आहे.

जगभरच्या रुग्णांना विचारले, तेव्हा कॉफी, चहा, दारू, आंबट फळे, टोमॅटो, तिखट आणि फसफसणारी पेये यांनी त्रास वाढतो, असेच बहुतेकांनी सांगितले. आपल्या स्वयंपाकघराकडे या दृष्टीने पाहिले तर माणूस दचकतो. चिंचेची आमटी, टोमॅटोचे सार, कोकमाची कढी, लिंबाची फोड, मिरचीचा ठेचा, खाराचे लोणचे; आणि या दिवसांत तर 'थंड' म्हणून आग्रहाने पुढे केले जाणारे कैरीचे पन्हे, कोकमाचे आणि लिंबाचे सरबत! शरीराला थंडावा देणारे पेय मूत्राशयालाही थंडावाच देईल, हा आपला समज या रुग्णांच्या बाबतीत उलटतो. त्यांच्यासाठी साधे पाणी, वाळ्याचे पाणी, भाताची पेज, दूध ही पेये बरी.

पण हे ऐकून उद्यापासून सर्वच बंद करू नका. सर्वांना सर्व पदार्थ बाधत नाहीत. कोणाला टोमॅटो बाधतो आणि दही चालते, कोणाचे उलट. रीत अशी आहे. दोन-तीन आठवडे जेवण अगदी सौम्य ठेवावे: मऊ भात, मुगाचे वरण, तूप, भाकरी, दुधी, दोडका, पडवळ, दूध. या काळात दुखणे हलके झाले, तर एकेक पदार्थ परत आणावा. आज टोमॅटो, आणि पुढचे तीन दिवस दुसरे नवे काही नाही. त्रास झाला तर त्याच्यावर फुली. न झाला तर तो ताटात कायमचा परत. शेवटी फुल्या चार-पाच पदार्थांवरच राहतात, असा पुष्कळांचा अनुभव आहे. आणि सौम्य जेवणाने काहीच फरक पडला नाही, तर पथ्य सोडून द्यावे. निष्कारण फिके जेवून अंग रोडावण्यात कसलेही पुण्य नाही.

चहाविषयी दोन शब्द. आपल्याकडे देव सोडवेल, चहा सोडवणार नाही. एकदम सोडला तर डोके धरते आणि तिसऱ्या दिवशी संकल्प मोडतो. म्हणून चार कपांचे तीन, तिनांचे दोन, असे आठवड्या-आठवड्याने उतरावे. संध्याकाळचा कप पहिला तोडावा.

खायच्या सोड्याने लघवीची आंबटी कमी होते म्हणून काही जण तो पाण्यातून घेतात. एका लहान चमच्याएवढ्या सोड्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि सबंध दिवसाचे सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या माणसाने या वाटेला जाऊ नये. मूत्रपिंडे अधू असलेल्याने नारळपाण्यापासूनही सावध राहावे; त्यातील पोटॅशियम त्याला झेपत नाही. अशा माणसांनी पाणी किती प्यावे, हेही डॉक्टरांनीच ठरवायचे.

पथ्याखेरीज ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी आणि मलावरोध होऊ न देणे, या गोष्टी साध्या पण गुणकारी आहेत. भरलेले आतडे मूत्राशयाला रेटा देते. वेदना आटोक्यात आल्यावर मूत्राशयाला शिस्त लावता येते. दर तासाला जावे लागत असेल तर सव्वा तासाने जायचे ठरवावे. ते अंगवळणी पडले की दीड तास. मात्र हसताना-शिंकताना लघवी निसटणाऱ्या स्त्रियांना जो व्यायाम सांगतात, खालचे स्नायू आवळून धरण्याचा, जो केगल यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला, तो या दुखऱ्या मूत्राशयाच्या रुग्णांनी करू नये. त्यांचे ते स्नायू आधीच ताठरलेले असतात. त्यांना सैल सोडायला शिकणे हे त्यांचे औषध. लिंबाची गोष्ट येथे पुन्हा लागू पडते.

घरगुती उपायांची वेस कोठे संपते, हे आता स्वच्छ सांगतो. लघवीतून रक्त गेले, एकदाच गेले, न दुखता गेले, तरी तपासणी झालीच पाहिजे. विशेषतः तंबाखू ओढणाऱ्याने एक दिवसही दवडू नये, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाचे ते सर्वांत मोठे कारण आहे. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, लघवी तुंबणे, गरोदरपणातील जळजळ, लहान मुलांचा त्रास, यांत धन्याचे पाणी करीत बसू नये. वारंवार लघवी होते म्हणून पथ्य सुरू करण्याआधी रक्तातील साखर पाहावी. उतारवयातील पुरुषांनी प्रोस्टेट ग्रंथी दाखवावी. लघवीत पू दिसतो पण नेहमीच्या तपासणीत जंतू उगवत नाहीत, असे असेल तर क्षयाची शंका घेतली पाहिजे. आपल्या देशात ती विसरून चालत नाही. आणि मागच्या वेळच्या उरलेल्या जंतुनाशक गोळ्या डब्यातून काढून घेण्याची सवय अगदी वाईट. तिने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात.

आणखी एक गोष्ट पथ्याच्या यादीत बसत नाही. सकाळी सातला शाळेत जाणारी शिक्षिका दुपारी एकपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही, बाजारात बसणारी भाजीवाली संध्याकाळपर्यंत घेत नाही. कारण जायला जागा नाही, किंवा असलेली जागा पाय ठेवण्यासारखी नाही. चरकसंहितेत 'नवेगान्धारणीय' नावाचा एक अध्यायच आहे. न रोखण्याच्या तेरा वेगांत लघवीचा वेग तेथे सांगितला आहे, आणि तो रोखल्याने बस्तीत वेदना होतात, हेही सांगितले आहे. आपण मात्र अर्ध्या समाजाला तो रोखायला लावतो. स्त्रियांसाठी स्वच्छ आणि मोफत मुताऱ्या असाव्यात, म्हणून २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' नावाची चळवळ उभी राहिली, तेव्हा पुष्कळांना तिच्या नावाचेच हसू आले. मी त्या बाईंना कोणत्या तोंडाने दीड लिटर पाणी जास्त प्या म्हणून सांगू? आपल्या गावातील किती शाळांत आणि मंडयांत अशी जागा आहे, याची मोजणी महिला मंडळांनी आणि नगरसेवकांनी मिळून केली, तर दोन दिवसांचे काम आहे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवसांची एक वही करावी. किती वाजता काय प्यालो आणि किती, काय खाल्ले, किती वाजता लघवीला गेलो, मापाने किती झाली, दुखले का, रात्री किती वेळा उठलो. मापासाठी जुना खुणांचा पेला वेगळा ठेवावा. पुष्कळदा महागड्या तपासणीआधी ही वहीच दुखण्याची जात सांगते. रोज साठ-सत्तर मिलिलिटरच्या खेपा वीस होत असतील तर एक अर्थ, मोठ्या चारशेच्या खेपा बारा होत असतील तर दुसरा; दुसऱ्यात मूत्राशय बिचारे निर्दोष असते आणि साखर किंवा पाण्याचा अतिरेक शोधावा लागतो.

यानंतर प्रश्नोत्तरे आहेत. ज्यांना उभे राहून विचारणे अवघड वाटते, त्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून स्वयंसेवकांजवळ द्यावेत. चिठ्ठीवर नाव घालण्याचे कारण नाही.