टॅबलेट घेताना : दुकानातला उजेड आणि शिवारातले ऊन

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो, लॉट नंबर पाहतो, उगवणशक्ती विचारतो. पाइप किती किलो दाबाचा आहे, हेही विचारतो. मात्र दहा-पंधरा हजारांचा टॅबलेट घेताना 'पडदा मोठा आहे, घेऊन टाका' एवढ्या शब्दावर पैसे मोजले जातात. म्हणून आज या खरेदीविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

प्रथम काम ठरवावे. हवामानाचा अंदाज, बाजारभाव आणि गटाचे निरोप एवढेच पाहायचे असेल तर हातातला मोबाईल पुरेसा आहे. त्या पैशात ठिबकची दुरुस्ती करून घेतलेली बरी. मात्र उत्पादक कंपनीचे हिशेब, सातबारा व माती परीक्षणाचे अहवाल वाचणे, पिकांच्या नोंदी ठेवणे ही कामे नियमित असतील, किंवा बारीक अक्षर वाचताना डोळ्यांना त्रास होत असेल, तर आठ ते दहा इंची पडदा उपयोगी पडतो.

टॅबलेट रानात न्यायचा असेल, तर पडद्याच्या उजेडाकडे प्रथम लक्ष द्यावे. गेल्या खरिपात प्रात्यक्षिक प्लॉटवर आम्ही कपाशीच्या नोंदी टॅबलेटवर घेत होतो. उघडीप पडली, दुपारचे ऊन वर आले आणि पडद्यावर माझाच चेहरा दिसू लागला! शेवटी डोक्यावरून गोणपाट घेऊन आकडे भरावे लागले. दुकानात तोच पडदा लख्ख वाटला होता. पडद्याचा उजेड 'निट्स' या मापात सांगतात. तीन-साडेतीनशे निट्सचा पडदा घरात उत्तम चालतो. उघड्यावरील कामासाठी पाचशेच्या पुढचा पाहावा. आकडा कळत नसेल तर टॅबलेट दुकानाबाहेर उन्हात नेऊन सातबाऱ्याचा उतारा वाचून पाहावा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरे दुकान गाठावे.

दुसरी बाब सिमची व जीपीएसची. एकाच नावाचा टॅबलेट पुष्कळदा दोन प्रकारांत मिळतो. एक फक्त वाय-फायवर चालणारा आणि दुसरा सिम घालता येणारा. पहिला स्वस्त असतो, म्हणून तोच गळ्यात मारला जातो. रानात वाय-फाय कुठले? मोबाईलचे इंटरनेट त्याला जोडता येते हे खरे, परंतु मग दोन्ही उपकरणे सांभाळावी लागतात आणि मोबाईलची बॅटरीही उतरते. शिवाय काही वाय-फाय टॅबलेटमध्ये जीपीएस नसतेच. आयपॅडचे केवळ वाय-फायचे नमुने याच प्रकारचे आहेत. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तिच्यात आपण शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घेतो व त्यासोबत जागेची नोंद होते. जीपीएस नसेल तर टॅबलेट आजूबाजूच्या वाय-फायवरून जागेचा अंदाज बांधतो, आणि रानात तो अंदाज चुकतो किंवा लागतच नाही. पिकाची नोंद राहिली तर पुढे हमीभावाच्या खरेदीसाठी नाव नोंदवताना अडचण येते.

याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या आभाळाखाली या, वाय-फाय व मोबाईल डेटा बंद करा, स्थान दाखविण्याची सोय चालू ठेवा. नकाशा उघडून चार-पाच मिनिटे थांबा. मग पन्नास पावले चाला. ठिपका तुमच्याबरोबर सरकला तर जीपीएस आहे. आपण वापरतो ती ॲपे त्याच ठिकाणी उतरवून, उघडून पाहावीत. पासवर्डचा एसएमएस ज्या नंबरवर येतो तो मोबाईल सोबत असू द्यावा. काही टॅबलेटवरून साधा फोन लागत नाही, हेही विचारून घ्यावे. फोर-जी पुरेसे आहे. गावात फाइव्ह-जीची रेंज नसेल तर त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

रॅम चार जीबीपेक्षा कमी व साठवण ६४ जीबीपेक्षा कमी नसावी. जास्त असल्यास चांगलेच. अँड्रॉइडची सुरक्षा सुधारणा किती वर्षे मिळणार, हे मात्र आवर्जून विचारावे, कारण याच उपकरणावर बँकेचे व्यवहारही होणार आहेत.

बॅटरी सात-आठ हजार एमएएचची असावी. वीज पाळीने येते, तेव्हा टॅबलेट घरीच चार्ज करून रानात न्यावा. अनेक कंपन्या वापरासाठी साधारण ३५ अंशांपर्यंतचे तापमान सांगतात. एप्रिल-मेमध्ये ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा बंद जीपमध्ये त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते, आणि तिने बॅटरीचे आयुष्य घटते. फवारणीच्या ओल्या हाताने पडदा हाताळू नये. तो नीट चालत नाही आणि औषधही लागते. खोक्यावर 'आयपी' पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीपासूनचे, दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. तरी पाण्याने झालेली नादुरुस्ती बहुधा वॉरंटीत बसत नाही.

पैसे देण्यापूर्वी कंपनीचे दुरुस्ती केंद्र कोठे आहे ते विचारावे. ते दोनशे किलोमीटरवर असेल तर पडदा फुटल्यावर पंचाईत होते. टॅबलेटला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा ते चिन्ह खोक्यावर पाहावे. सिमच्या टॅबलेटवर *#०६# दाबावे, किंवा सेटिंगमध्ये पाहावे. तेथे दिसणारा आयएमईआय क्रमांक खोक्यावरच्या व बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. बिल जीएसटीचे, पक्के घ्यावे. उत्पादक कंपनीसाठी खरेदी असेल तर बिल कंपनीच्या नावानेच करावे, सचिवाच्या नावाने नव्हे. पुढे लेखापरीक्षणात त्यावरूनच प्रश्न निघतात.